ज्याला बडतर्फ करता येत नाही

‘या देशाला दहा वर्षं एक कडक हुकूमशहा मिळाला पाहिजे, मग बघा’ हे वाक्य आपल्याकडे इतक्या सहज बोललं जातं की बोलणाऱ्यालाही आपण काही राजकीय मत मांडतोय असं वाटत नाही. पूर्वी त्याच्या मागोमाग ली क्वान यू यांचं नाव यायचं आणि पुरावा म्हणून सिंगापूरचे फूटपाथ. अलीकडे दाखला बदलला आहे. मोबाइलवर एक व्हिडिओ येतो. मुंडण केलेले, पांढऱ्या चड्ड्या घातलेले, अंगभर गोंदलेले शेकडो कैदी माना खाली घालून रांगेत पळत आहेत आणि वर मजकूर आहे : ‘एल साल्वादोरने करून दाखवलं, आपण कधी?’ पाठवणाऱ्यांत आणीबाणीत तुरुंगात गेलेल्या घरांतलीही माणसं असतात. प्यू संशोधन केंद्राने २०२३ साली चोवीस देशांत पाहणी केली. संसद आणि न्यायालयं यांची आडकाठी नसलेला बलवान नेता चांगला, असं म्हणणाऱ्यांचं प्रमाण भारतात दोन तृतीयांशांच्या घरात निघालं. तेव्हा हे चार टवाळांचं बोलणं नाही. त्याचा प्रतिवाद करायचा तर ते गंभीरपणे घेऊनच करायला हवा.

आधी एक आडवळण. लोकशाहीवादी म्हणवणारे या मताला जे उत्तर देतात ते बहुधा फार वाईट असतं. लोक भोळे आहेत, प्रचाराला भुलले आहेत, त्यांना गुलामीच आवडते, असं ते म्हणतात. ज्या माणसाच्या जमिनीचा दावा वडिलांनी लावला आणि नातू अजून तारखा घेतोय त्याला ‘संस्थांचं स्वातंत्र्य’ कशाशी खातात हे विचारायचा हक्क आहे. आपल्या न्यायालयांत पाच कोटींहून अधिक खटले पडून आहेत. पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवून घ्यायलाही ओळख काढावी लागते. अशा माणसाला कडक नेत्याचं आकर्षण वाटतं ते त्याच्या स्वभावातल्या खोटीमुळे नाही. त्याचा अनुभव खराच आहे. त्या अनुभवावरून तो जे अनुमान काढतो ते चुकतं, आणि माझा वाद तेवढ्यापुरता आहे.

तर एल साल्वादोर. मध्य अमेरिकेतला हा देश आकाराने आपल्या नाशिक आणि जळगाव जिल्ह्यांच्या बेरजेहून लहान आणि वस्तीने त्रेसष्ट लाखांच्या आसपास. १९८० ते १९९२ तिथे यादवी चालली, सुमारे पंचाहत्तर हजार माणसं मेली. लाखो लोक पळून अमेरिकेत गेले. त्यांच्यातली काही पोरं लॉस एंजेलिसच्या गल्ल्यांत टोळ्यांमध्ये शिरली आणि नव्वदच्या दशकात अमेरिकेने त्यांना परत पाठवलं. एमएस-१३ आणि बॅरिओ-१८ ही त्या टोळ्यांची नावं. त्यांनी देश वाटून घेतला. ब्रेडवाल्याने, रिक्षावाल्याने, बसच्या मालकाने दर आठवड्याला हप्ता द्यायचा. त्याला तिथे ‘रेंता’ म्हणत, म्हणजे आपल्या जागेत राहण्याचं भाडं. नाही दिलं तर गोळी. एका टोळीच्या वस्तीतल्या मुलाने दुसऱ्या टोळीच्या हद्दीतल्या शाळेत जायचं नाही. २०१५ साली दर लाख लोकांमागे शंभराहून अधिक खून झाले. युद्ध चालू नसलेल्या कुठल्याही देशात तेव्हा एवढं रक्त सांडत नव्हतं.

आज ते थांबलं आहे, हे मी कुठलंही ‘पण’ न जोडता मान्य करतो. सॅन साल्वादोरच्या ज्या वस्त्यांत संध्याकाळनंतर कोणी दार उघडत नसे तिथे आता पोरं रात्री फुटबॉल खेळतात. राष्ट्राध्यक्ष नायिब बुकेले २०२४ च्या फेब्रुवारीत पंच्याऐंशी टक्क्यांच्या आसपास मतं घेऊन पुन्हा निवडून आले ते मतपेट्या पळवून नव्हे. त्यांचे भक्त म्हणतात, एका माणसाने ठरवलं, आडकाठी करणाऱ्यांना बाजूला केलं आणि तीन वर्षांत जमलं. या वाक्यातलं ‘आडकाठी करणाऱ्यांना बाजूला केलं म्हणून’ हे खरं आहे का, एवढंच मला तपासायचं आहे.

आधी कडकपणाचं बघू. कडकपणा हा बुकेले यांचा शोध नव्हे. २००३ साली फ्रान्सिस्को फ्लोरेस यांच्या सरकारने ‘मानो दुरा’, म्हणजे कठोर हात, नावाची मोहीम काढली. पुढच्या वर्षी अंतोनियो साका आले आणि त्यांनी त्याचीच ‘सुपर’ आवृत्ती काढली. गोंदण दिसलं की उचल असा तो खाक्या होता. तुरुंग भरले, टोळ्यांनी तुरुंगच मुख्यालय केलं आणि खून वाढले. नुसत्या कडकपणाने काम होतं असं म्हणणाऱ्यांनी या दोन मोहिमांचा हिशेब द्यावा.

दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. बुकेले जून २०१९ मध्ये सत्तेवर आले तेव्हा खुनांचं प्रमाण २०१५ च्या निम्म्याखाली आलेलं होतं. पुढे ते आणखी घसरलं. ‘एल फारो’ या तिथल्या वृत्तपत्राने लिहिलं की सरकार तुरुंगात टोळ्यांच्या म्होरक्यांशी वाटाघाटी करत आहे. त्यांना सवलती मिळतात आणि बदल्यात खून कमी होतात. सरकारने इन्कार केला. डिसेंबर २०२१ मध्ये अमेरिकेच्या अर्थखात्याने याच वाटाघाटींसाठी तुरुंग विभागाचे प्रमुख ओसिरिस लूना आणि आणखी एका अधिकाऱ्यावर निर्बंध लादले. मार्च २०२२ च्या अखेरीस एका शनिवारी बासष्ट माणसं मारली गेली, त्या दोन-तीन दिवसांत मिळून सत्त्याऐंशी. ‘एल फारो’च्या म्हणण्याप्रमाणे हा करार मोडल्याचा परिणाम होता. दुसऱ्याच दिवशी आणीबाणी आली.

मग धरपकड सुरू झाली. आतापर्यंत पंच्याऐंशी हजारांहून अधिक माणसं उचलली गेली आहेत. लोकसंख्येच्या मानाने इतके कैदी जगात दुसऱ्या कुठल्याच देशात नाहीत. पोलिसांना रोजच्या अटकांचे कोटे दिले जातात अशा तक्रारी पोलिसांच्या संघटनेतूनच आल्या. निनावी फोन पुरेसा होता, शेजाऱ्याशी बांधावरून भांडण असलं तरी चालत होतं. २०२३ च्या जुलैत कायदा झाला की एका खटल्यात नऊशे जणांवर एकत्र आरोप ठेवता येतील. नऊशे माणसांचा एक निकाल! यात चोर सोडून संन्याशाला फाशी झाली असेल का? बुकेले यांनीच नोव्हेंबर २०२४ मध्ये सांगितलं की सुमारे आठ हजार निरपराध लोकांना सोडलं आहे. हा त्यांचाच आकडा. ज्यांना सोडलेलं नाही त्यांच्यातले निरपराध किती, हे सांगणार कोण? आणि तुरुंगात मेलेल्यांची नोंद मानवाधिकार संघटना करतात ती काही शेंच्या घरात आहे. ती माणसं खटला न चालताच मेली.

इथे समर्थक म्हणतात, ‘ओल्याबरोबर सुकंही जळतं. पूर्वी टोळ्या मारत होत्या तेव्हा निरपराध मरत नव्हते का?’ हा प्रश्न मी टाळणार नाही. मरत होते, आणि जास्त मरत होते. पण टोळीच्या विरोधात सरकारकडे जाता येतं, निदान तत्त्वतः. सरकारच्या विरोधात कुठे जायचं? बुकेले यांच्या नव्या विधानसभेने १ मे २०२१ रोजी, पहिल्याच बैठकीत, सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाचे पाच न्यायाधीश आणि महाअधिवक्ता यांना काढून टाकलं. महाअधिवक्त्यांचं कार्यालय तेव्हा सरकारातला भ्रष्टाचार आणि टोळ्यांशी झालेल्या वाटाघाटी तपासत होतं. त्यानंतर काही महिन्यांत साठी ओलांडलेल्या न्यायाधीशांना घरी पाठवणारा कायदा झाला. हा क्रम लक्षात घ्यायला हवा. न्यायाधीश गेले मे २०२१ मध्ये, टोळ्यांवरची धरपकड सुरू झाली मार्च २०२२ मध्ये. मधल्या दहा-अकरा महिन्यांत न्यायालयांची आडकाठी नव्हतीच, तरी टोळ्या जिथल्या तिथे होत्या. न्यायाधीश कोणत्या आडकाठीसाठी काढले गेले ते यावरून कळावं.

आणि आकडे? खुनांचं प्रमाण आज दर लाखामागे दोनच्याही खाली आहे असं सरकार सांगतं. पोलीस आणि लष्कराबरोबरच्या चकमकीत मेलेले आता त्या मोजणीत धरत नाहीत, गुप्त थडग्यांतून निघणाऱ्या प्रेतांचाही हिशेब वेगळा. माहितीची दारं बंद आहेत. खून खरोखर प्रचंड कमी झाले आहेत, यात वादच नाही. पण वजनकाटाही दुकानदाराचा आणि त्यावर शिक्का मारणारा निरीक्षकही दुकानदाराचाच, अशा दुकानात माल चांगला असला तरी किती मिळाला हे गिऱ्हाइकाला कधी कळायचं नाही.

आता मी मूळ मुद्द्याकडे येतो, आणि तो एल साल्वादोरपुरता नाही. आधुनिक हुकूमशहांच्या कामगिरीत जे टिकलं आणि जे सुधारलं, ते तपासून पाहा. तिथे हटकून एखादा असा कोणी सापडतो ज्याला हुकूमशहा बडतर्फ करू शकत नव्हता.

बुकेले यांचंच दुसरं धाडस बघा. जून २०२१ मध्ये एका रात्री काही तासांच्या चर्चेत विधानसभेने बिटकॉइनला अधिकृत चलन केलं. सप्टेंबरपासून दुकानदाराने ते घेतलंच पाहिजे अशी सक्ती झाली. सरकारने प्रत्येकाला तीस डॉलर देऊन मोबाइलवर पाकीट उघडायला लावलं. लोकांनी तीस डॉलर काढून घेतले आणि विषय सोडून दिला. दरवर्षी होणाऱ्या पाहण्यांत बहुसंख्य लोक बिटकॉइन वापरत नाहीत असंच निघत राहिलं. एखाद्या नगरपालिकेच्या सभेतही कोणीतरी उठून विचारलं असतं की बाबांनो, पाव विकणारी बाई दिवसादिवसाला वरखाली होणारं चलन कशी घेणार? तिथे विचारायला कोणी उरलं नव्हतं. सक्ती मागे घेतली गेली जानेवारी २०२५ मध्ये, ती आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या १४० कोटी डॉलरच्या कर्जाची अट म्हणून. वॉशिंग्टनमधल्या कर्ज देणाऱ्याला बुकेले काढून टाकू शकत नव्हते. त्या पावविक्या बाईचं म्हणणं साडेतीन वर्षांनी सरकारला कळलं ते सावकाराच्या तोंडून.

तुर्कस्तानात हेच नाटक मोठ्या रंगमंचावर झालं. व्याजदर वाढवल्याने महागाई वाढते, असं राष्ट्राध्यक्ष रेजेप तय्यिप एर्दोआन यांचं मत. जगातला अर्थशास्त्राचा पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही याच्या उलट शिकतो, पण मत कोणाचंही असू शकतं, त्याचं काही नाही. सांगणारे मात्र उरले नाहीत. जुलै २०१९ ते मार्च २०२१ या पावणेदोन वर्षांत मध्यवर्ती बँकेचे तीन गव्हर्नर बडतर्फ झाले. सप्टेंबर २०२१ मध्ये महागाई वाढत असताना व्याजदर एकोणीस टक्क्यांवरून उतरवायला सुरुवात झाली. डिसेंबरची महागाई सरकारी आकड्यानेच छत्तीस टक्के निघाली. मग जानेवारी २०२२ अखेरीस आकडे काढणाऱ्या सांख्यिकी संस्थेच्या प्रमुखांना घरी पाठवण्यात आलं. थर्मामीटर बदलून ताप उतरत नाही. ऑक्टोबर २०२२ ला सरकारी महागाई पंच्याऐंशी टक्क्यांवर पोचली आणि स्वतंत्र अभ्यासकांचा अंदाज त्याच्या बराच वर होता. २०१९ च्या मध्याला एका डॉलरला पावणेसहाच्या आसपास लिरा मिळत, २०२३ सरताना एकोणतीसच्या वर. ज्याने आयुष्यभर पेन्शनसाठी लिरात पैसे साठवले त्याचं काय झालं असेल?

२०२३ ची निवडणूक जिंकल्याबरोबर एर्दोआन यांनी मेहमेत शिमशेक यांना अर्थमंत्री केलं आणि व्याजदर साडेआठ टक्क्यांवरून मार्च २०२४ पर्यंत पन्नास टक्क्यांवर नेला. म्हणजे जे त्या बडतर्फ गव्हर्नरांपैकी कोणी थोडक्यात केलं असतं ते अनेक पटींनी करावं लागलं. एर्दोआन यांना कोणी पटवलं? डॉलरच्या बाजाराने पटवलं, कारण बाजाराचा गव्हर्नर अंकारात बसत नाही. त्याच महिनाअखेरीच्या स्थानिक निवडणुकांत त्यांचा पक्ष दुसऱ्या क्रमांकावर गेला. मतदार हा तिथला दुसरा न हलवता येणारा. म्हणूनच मार्च २०२५ मध्ये इस्तंबूलच्या महापौरांना, एक्रेम इमामोग्लू यांना, अटक झाली. २०१९ ला त्यांची तेरा हजारांची निसटती आघाडी रद्द करून फेरमतदान घेतलं होतं, तेव्हा ते आठ लाखांनी जिंकले होते.

तुर्कस्तानातल्या ६ फेब्रुवारी २०२३ च्या भूकंपात त्रेपन्न हजारांहून अधिक माणसं मेली. त्यांतली पुष्कळ २०१८ च्या निवडणुकीआधी दंड भरून नियमित केलेल्या बांधकामांखाली सापडली असं तिथल्या अभियंत्यांचं म्हणणं आहे. अनधिकृत मजले नियमित करण्यात आपली लोकशाही काही मागे नाही, हे मुंबई-पुण्यातल्या कोणालाही सांगायला नको. पण हुकूमशहा हवा म्हणणाऱ्यांचा मुख्य दावाच हा असतो की असला मतांसाठीचा लाड तो करणार नाही. तो तर दुप्पट करतो.

आता ली क्वान यू. या नावाशिवाय हा वाद पुरा होत नाही आणि या नावाने तो संपतही नाही. पहिली सुधारणा : १९५९ साली त्यांना कोळ्यांचं खेडं मिळालं नव्हतं. सिंगापूर तेव्हाच आशियातलं गजबजलेलं बंदर होतं. भ्रष्टाचारविरोधी विभाग ब्रिटिशांनी १९५२ मध्ये काढलेला होता. ली यांचं मोठेपण मी कमी करत नाही. घरबांधणी मंडळ, डच अर्थतज्ज्ञ आल्बर्ट विन्सेमियस यांचा सल्ला, गोह केंग स्वी यांची अर्थदृष्टी, जगभरच्या कंपन्यांना दिलेली खात्री, हे सगळं खरं आहे. तसंच हेही खरं की फेब्रुवारी १९६३ च्या ‘ऑपरेशन कोल्डस्टोअर’मध्ये शंभराहून अधिक विरोधक, कामगारनेते आणि पत्रकार खटल्याविना उचलले गेले. खासदार राहिलेल्या चिया थाय पोह यांना १९६६ मध्ये पकडलं आणि तेवीस वर्षं खटल्याविना ठेवलं. त्यानंतर सेंटोसा बेटावर. शेवटची बंधनं उठली १९९८ मध्ये.

पण बंदराची भरभराट या तुरुंगांमुळे झाली, हे कशावरून? परदेशी भांडवल सिंगापूरला आलं ते करार मोडला तर न्याय मिळेल या भरवशावर, आणि १९९४ पर्यंत त्या न्यायाची शेवटची पायरी लंडनला प्रिव्ही कौन्सिलमध्ये होती. ली यांना ते न्यायाधीश बदलता येत नव्हते. त्याच प्रिव्ही कौन्सिलने १९८८ मध्ये विरोधी पक्षाचे जे. बी. जयरत्नम यांची वकिलीची सनद परत दिली आणि त्यांच्यावर घोर अन्याय झाल्याचं म्हटलं. पुढच्या वर्षी सरकारने तिथे जायची वाट अरुंद केली, १९९४ मध्ये ती पूर्ण बंद झाली. तोवर सिंगापूरची पत बसलेली होती.

आणि चुकांचं काय? ली यांच्याही चुका झाल्या, त्यांतली एक ऐकण्यासारखी आहे. शिकलेल्या बायका कमी मुलं जन्माला घालतात आणि न शिकलेल्या जास्त, यामुळे देशाची बुद्धी घटेल अशी त्यांना धास्ती पडली. १९८४ मध्ये पदवीधर आयांच्या मुलांना शाळाप्रवेशात प्राधान्य देण्याची योजना आली. कमी शिकलेल्या, गरीब बायकांनी एका-दोन मुलांवर शस्त्रक्रिया करून घेतली तर दहा हजार डॉलर. पदवीधर बायकाच संतापल्या. त्या वर्षअखेरच्या निवडणुकीत सत्ताधारी पक्षाची मतं सुमारे अठ्ठ्याहत्तर टक्क्यांवरून पासष्टच्या खाली आली, दोन विरोधक निवडून आले. शाळाप्रवेशाची योजना १९८५ मध्ये गुंडाळली गेली. २०११ मध्ये मतं साठ टक्क्यांवर आली आणि अल्जुनीद मतदारसंघ परराष्ट्रमंत्र्यांसकट पडला. त्याआधी ली यांनी तिथल्या मतदारांना पाच वर्षं पस्तावाल असं बजावलं होतं. निकालानंतर ली स्वतः मंत्रिमंडळातून बाहेर पडले, पुढच्या जानेवारीत मंत्र्यांचे गलेलठ्ठ पगार कापले गेले आणि घरं व परदेशी कामगार यांच्याबद्दलची धोरणं बदलली. मैदान एका बाजूला झुकलेलं होतं, हे खरं. पण मतं मोजली जात होती आणि त्या मोजणीची भीती वाटत होती. सिंगापूरचं यश ज्यांना हुकूमशाहीच्या खात्यावर जमा करायचं आहे त्यांनी या भीतीचं काय करायचं ते सांगावं.

शिवाय ली क्वान यू यांचं नाव घेणाऱ्यांना त्याच काळात शेजारी काय चाललं होतं हे विचारावंसं वाटतं. मार्च १९६२ मध्ये जनरल ने विन यांनी ब्रह्मदेशाची सत्ता घेतली. तेही कडक, तेही प्रामाणिक राष्ट्रवादी म्हणवणारे, त्यांनाही कोणाची आडकाठी नव्हती. युद्धापूर्वी जगाला सर्वांत जास्त तांदूळ विकणारा तो देश. १९८७ च्या सप्टेंबरात त्यांनी पंचवीस, पस्तीस आणि पंचाहत्तर क्याटच्या नोटा भरपाईशिवाय रद्द केल्या आणि पंचेचाळीस आणि नव्वदच्या आणल्या, कारण नऊ हा आकडा त्यांना शुभ वाटे. रंगूनमधल्या एकाही अर्थसचिवाने हात धरला नाही. त्याच वर्षअखेरीस देशाचं नाव संयुक्त राष्ट्रसंघाच्या अतिमागास देशांच्या यादीत गेलं. पुढच्या वर्षी रस्त्यांवर हजारो माणसं मेली. फिलिपिन्समध्ये फर्डिनंड मार्कोस यांनी १९७२ मध्ये लष्करी कायदा लावला तोही ‘नवा समाज’ घडवण्यासाठीच. हुकूमशहा मागताना माणूस नेहमी ली मिळेल असंच धरून चालतो. वाट्याला ने विन येण्याची शक्यता कितीतरी जास्त असते, आणि कोण आला हे कळेपर्यंत त्याला परत पाठवण्याची सोय उरलेली नसते.

‘चीनचं काय?’ हा प्रश्न येणारच. चीन वर आला तो १९७८ नंतर, म्हणजे माओ गेल्यावर आणि त्याच्या वारसदारांनी एका माणसाच्या हाती सगळं देण्याची धास्ती खाल्ल्यावर. १९८२ च्या राज्यघटनेत अध्यक्षपदाला दोन मुदतींची मर्यादा घातली गेली ती याच धास्तीने. मार्च २०१८ मध्ये ती मर्यादा २९५८ विरुद्ध दोन मतांनी काढली. वूहानमधले डॉक्टर ली वेनलियांग यांनी डिसेंबर २०१९ अखेरीस सहकाऱ्यांना नव्या रोगाबद्दल, म्हणजे पुढच्या कोविडबद्दल, सावध केलं, तर जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पोलिसांनी त्यांच्याकडून ‘अफवा पसरवल्या’ अशा कागदावर सही घेतली. फेब्रुवारीत त्याच रोगाने ते गेले. पुढची तीन वर्षं शहरंच्या शहरं कुलूपबंद करण्याचं धोरण चाललं, नोव्हेंबर २०२२ मध्ये उरुमचीत आगीत माणसं मेल्यावर लोक कोरे कागद हातात धरून रस्त्यावर आले, आणि मगच ते धोरण काही दिवसांत, तयारीशिवाय, टाकून दिलं गेलं.

आणि आता आपलं. आणीबाणीत गाड्या वेळेवर धावत होत्या, हे वाक्य मी माझ्या पिढीतल्या किती तरी लोकांकडून ऐकलं आहे. विनोबांनी तिला अनुशासन पर्व म्हटलं, त्याचाही दाखला दिला जातो. धावतही असतील गाड्या. त्या वेळी सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल १९७६ मध्ये चार विरुद्ध एक अशा मताने सांगितलं की बेकायदा अटकेविरुद्धही न्यायालयात येता येणार नाही. विरोधी मत देणारे न्यायमूर्ती हंस राज खन्ना यांची सरन्यायाधीशपदाची पाळी पुढच्या जानेवारीत डावलली गेली. त्यांना बडतर्फ करता येत नव्हतं, डावलता येत होतं. कराडच्या साहित्य संमेलनात डिसेंबर १९७५ मध्ये संमेलनाध्यक्ष दुर्गाबाई भागवतांनी, यशवंतराव चव्हाण उपस्थित असताना, तुरुंगवासातून आजारी होऊन सुटलेल्या जयप्रकाश नारायण यांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला लोकांना सांगितलं. संमेलनाध्यक्षाला काढून टाकायची तरतूद सरकारकडे नसावी. नंतर त्यांना अटक झाली.

वृत्तपत्रांवर सेन्सॉर होता, त्यामुळे खेड्यापाड्यांतून माणसांवर काय गुदरतं आहे ते छापून येत नव्हतं आणि दिल्लीला नुसते उद्दिष्टपूर्तीचे तक्ते पोचत होते. १९७६-७७ या एका वर्षात ऐंशी लाखांहून अधिक नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या. तक्ते इतके छान होते की जानेवारी १९७७ मध्ये इंदिरा गांधींनी निवडणूक जाहीर केली. उत्तर प्रदेशातल्या पंच्याऐंशीपैकी एकही जागा काँग्रेसला मिळाली नाही, बिहारातल्या चोपन्नांपैकीही नाही. रायबरेली आणि अमेठी, दोन्ही पडल्या. ज्यांनी सेन्सॉर लावला त्यांनाच खरी बातमी मतमोजणीच्या दिवशी कळली.

बुकेले यांनी ३१ जुलै २०२५ रोजी आपल्या विधानसभेकडून सत्तावन्न विरुद्ध तीन मतांनी घटनेत बदल करून घेतला. अध्यक्षाला कितीही वेळा निवडणूक लढवता येईल, मुदत पाचाऐवजी सहा वर्षांची आणि मतदानाची दुसरी फेरी रद्द. ‘एल फारो’ने आपलं कायदेशीर ठाणं आधीच कोस्टा रिकात हलवलं होतं, २०२५ मध्ये त्याच्या पत्रकारांनाही देश सोडावा लागला. मानवाधिकारांचं काम करणारी क्रिस्तोसाल ही संस्थाही जुलैत बाहेर पडली. उद्या तिथे बिटकॉइनसारखी दुसरी कल्पना कोणाच्या डोक्यात आली तर सांगायला नाणेनिधी तेवढा उरला आहे.

व्हिडिओ पाठवणाऱ्या माझ्या मित्रांपैकी बहुतेकांना एक गोष्ट ठाऊक नसते, कारण ती झाली नाही. १९७६ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाने, दोन्ही सभागृहांत, सक्तीच्या कुटुंबनियोजनाचं विधेयक मंजूर केलं होतं. तीन मुलांनंतर शस्त्रक्रिया बंधनकारक, न केल्यास तुरुंग. असं विधेयक मंजूर करणारं हे देशातलं पहिलं राज्य, आणि तेव्हा पुरोगामीपणाबद्दल त्याची पाठही थोपटली गेली. विधेयक राष्ट्रपतींच्या संमतीसाठी दिल्लीला गेलं आणि तिथे पडून राहिलं. मार्च १९७७ मध्ये मतदारांनी दिल्लीतलं सरकार घरी पाठवलं. महाराष्ट्रातल्या कुठल्याही आईबापाला चौथ्या मुलापायी तुरुंगात जावं लागलं नाही.